पोकळीतही आरसा मळतो

आमच्या महाविद्यालयात सहा इंची आरशाची एक जुनी दुर्बीण आहे. पावसाळा संपला, की दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही ती कपाटातून बाहेर काढतो आणि दर वर्षी आरशाची अवस्था पाहून मन खट्टू होते. चार महिन्यांच्या दमट हवेने मुलाम्यावर पांढुरके ठिपके पडलेले असतात, कडेला बुरशीची नक्षी उमटलेली असते, आणि धूळ तर असतेच असते. गेल्या खेपेला आरसा नळीतून सोडवीत असताना मदतीला आलेल्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याने सहज विचारले, "सर, अवकाशात हवा नाही, पाऊस नाही, धूळही नाही. मग हबल दुर्बिणीचा आरसा कायम नव्यासारखाच राहत असेल ना?"

प्रश्न मोठा चांगला होता. तो ऐकून आपल्यापैकी बहुतेक जण "हो, राहत असेल" असेच म्हणतील. मीही विद्यार्थिदशेत तसेच म्हटले असते. परंतु अवकाशातले आरसेही खराब होतात. त्यांचे शत्रू वेगळे असतात, इतकेच. आणि त्यांतला एक शत्रू असा आहे, की तो आपणच पृथ्वीवरून सोबत बांधून नेतो!

आधी जमिनीवरच्या दुर्बिणींकडे एक नजर टाकू. तमिळनाडूतील कावळूर येथे २.३४ मीटर व्यासाच्या आरशाची वेणू बाप्पू दुर्बीण आहे. आपल्या जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या 'आयुका' या संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. असे आरसे ठरावीक काळाने धुवावे लागतात, आणि काही वर्षांनी जुना मुलामा रसायनांनी उतरवून निर्वात टाकीत ॲल्युमिनियमचा नवा मुलामा चढवावा लागतो. कावळूरला तर त्यासाठी जागेवरच यंत्रणा उभारलेली आहे. म्हणजे जमिनीवरचा आरसा म्हातारा झाला, तरी त्याला पुन्हा तरुण करता येते. अवकाशातल्या आरशाला ही सोय नाही. तो एकदा वर गेला, की गेला.

आरसा बिघडतो म्हणजे काय होते?

दुर्बिणीचा आरसा म्हणजे मुख्यतः एक अतिशय पातळ धातूचा थर. खालची काच किंवा खालचा धातू केवळ त्या थराला योग्य आकारात धरून ठेवण्यासाठी असतो. हबलच्या २.४ मीटरच्या आरशावरील ॲल्युमिनियमचा थर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा आहे. त्याच्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे २५ नॅनोमीटर जाडीचा आणखी एक पारदर्शक थर आहे. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) हा दुसरा थर कशासाठी? तर उघडे ॲल्युमिनियम हवेत आणले, की त्याच्यावर क्षणार्धात ऑक्साइडची साय धरते. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाला ती साय अडवीत नाही, पण दूरच्या अतिनील किरणांना ती गिळून टाकते. मॅग्नेशियम फ्लोराइडने ॲल्युमिनियम झाकले, की साय धरत नाही आणि अतिनील किरणही परावर्तित होतात.

अशा आरशाचे नुकसान तीन प्रकारे होऊ शकते. पृष्ठभागावर काहीतरी चिकटून ते प्रकाश शोषून घेईल. पृष्ठभाग खडबडीत होऊन प्रकाश इतस्ततः विखुरेल. किंवा आरशाचा आकारच बदलून प्रतिमा अस्पष्ट होईल. दुसरा प्रकार तुम्ही घरी करून पाहू शकता. अंधाऱ्या खोलीत आरशावर विजेरीचा झोत तिरका टाका आणि बाजूला उभे राहा. स्वच्छ आरसा बाजूने जवळजवळ काळाच दिसेल, कारण सगळा प्रकाश परावर्तनाच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या दिशेने निघून जातो. आता आरशावर एक फुंकर घाला. झोत पडलेली जागा बाजूनेही पांढुरकी चमकू लागेल. हा तुमच्या डोळ्यांत आलेला प्रकाश प्रतिमेतून चोरीला गेलेला प्रकाश आहे.

किती प्रकाश चोरीला जातो, याचे एक सोपे सूत्र आहे. आरशाच्या खडबडीतपणाची सरासरी उंची घ्यावी, तिला प्रकाशाच्या तरंगलांबीने भागावे, भागाकाराला ४π ने गुणावे आणि आलेल्या संख्येचा वर्ग करावा. समजा, खडबडीतपणा २ नॅनोमीटर आहे. ५०० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी उत्तर येते सुमारे ०.२५ टक्के. २००० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशासाठी ते ०.०१६ टक्के, म्हणजे नगण्यच. परंतु १२० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशासाठी मात्र सुमारे ४.४ टक्के! आरसा तोच, ओरखडेही तेच, पण नुकसान किती वेगळे! हा वर्ग लक्षात ठेवा. अतिनील किरणांनी आकाश पाहणारी दुर्बीण इतरांपेक्षा इतकी नाजूक का, याचे निम्मे उत्तर त्यात आहे.

ऑक्सिजनचा मारा

आता पहिला शत्रू पाहू. पृथ्वीपासून दोनशे ते सहाशे किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते, की व्यवहारात आपण तिला पोकळीच म्हणतो. पण ती पूर्ण पोकळी नव्हे. सूर्याचे अतिनील किरण तेथे ऑक्सिजनच्या रेणूचे दोन तुकडे करतात. हवा इतकी विरळ, की सुटे झालेले अणू पुन्हा एकत्र येण्याचा योग सहसा येत नाही. त्यामुळे या उंचीवर सर्वांत जास्त आढळतो तो सुटा, एकाकी ऑक्सिजन अणू. रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विचारा, असा अणू किती अधाशी असतो ते!

तशात उपग्रहाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक. अणू जवळजवळ जागच्या जागी असतात, आपणच जाऊन त्यांच्यावर आदळतो. रिमझिम पावसात धावणाऱ्या एस.टी.ची पुढची काच कशी भिजून चिंब होते आणि मागची जवळजवळ कोरडी राहते, तसाच हा प्रकार. या वेगाने आदळणाऱ्या ऑक्सिजन अणूची ऊर्जा सुमारे ५ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. (½mv² वापरून स्वतः गणित करून पाहा. ऑक्सिजन अणूचे वस्तुमान २.६६ × १०⁻²⁶ किलोग्रॅम घ्या.) प्लास्टिकमधील दोन कार्बन अणूंना बांधून ठेवणारा बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. तेव्हा पुढे काय होत असेल, याची कल्पना येईल.

१९८१-८२ मधील स्पेस शटलच्या पहिल्याच उड्डाणांत हे ध्यानात आले. यानाच्या सामानकक्षातील 'कॅप्टॉन' या पिवळ्या, चकचकीत प्लास्टिकची झळाळी काही दिवसांतच उतरली होती. पुढच्या उड्डाणांत ऑस्मियम या धातूचे मुलामे तपासले, तेव्हा ते चक्क नाहीसे झाले होते. ऑस्मियमचे टेट्रॉक्साइड बाष्पनशील असते. मुलामा वाफ होऊन उडून गेला! ऑस्मियम हा दूरच्या अतिनील किरणांसाठी चांगला परावर्तक मानला जात होता. दुर्बीण बनवून वर पाठवल्यावर हे कळले असते, तर केवढ्याला पडले असते!

या बाबतीतला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे 'लाँग ड्युरेशन एक्स्पोजर फॅसिलिटी'. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला शास्त्रज्ञांप्रमाणे 'एलडेफ' म्हणू. बसगाडीएवढ्या, बारा बाजूंच्या या सांगाड्यावर दहा हजारांहून अधिक नमुने बसवलेले होते. ७ एप्रिल १९८४ रोजी 'चॅलेंजर' यानाने तो कक्षेत सोडला. सुमारे वर्षभराने तो परत आणायचा होता. परंतु जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजरच नष्ट झाले आणि सगळी उड्डाणे थांबली. अखेर 'कोलंबिया' यानाने त्याला जानेवारी १९९० मध्ये उचलले, तेव्हा तो ६९ महिने अवकाशात राहिला होता. त्याच्यासोबत टोमॅटोचे सव्वा कोटी बी पाठवले होते, तेही परत आले आणि अमेरिकेतील शाळाशाळांतून मुलांनी ते पेरले. अपघाताने लांबलेला हा प्रयोग आरसे बनवणाऱ्यांना मात्र फार उपयोगी पडला.

एलडेफची एकच बाजू सतत पुढे असे. त्या बाजूच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे ९ × १०²¹ ऑक्सिजन अणू आदळले होते. दर अणूमागे कॅप्टॉनची सुमारे ३ × १०⁻²⁴ घन सेंटीमीटर झीज होते. गुणाकार केला, तर पाव मिलिमीटरहून जाड थर खरवडून गेल्याचे दिसेल. मागच्या बाजूचे नमुने या माऱ्यातून जवळजवळ पूर्ण बचावले. उघड्या चांदीचे काळे ऑक्साइड होऊन त्याचे पापुद्रे निघतात, हेही या काळातल्या प्रयोगांनी पक्के झाले. याउलट मॅग्नेशियम फ्लोराइड आणि सिलिका यांच्या थरांनी खालच्या धातूचे चांगले रक्षण केले.

मग चांदी बादच समजायची का? तसे नाही. २००९ साली सोडलेल्या केप्लर दुर्बिणीच्या आरशावर चांदीचाच, संरक्षक थर दिलेला मुलामा होता. ती दुर्बीण पृथ्वीभोवती नव्हे, तर सूर्याभोवती फिरत होती. तेथे ऑक्सिजन अणूंचा मारा नाही. कोठे राहायचे, यावर घराला कोणता रंग द्यायचा हे ठरते, त्यातलाच हा प्रकार.

जाता जाता एक गंमत सांगतो. हाच अधाशी ऑक्सिजन झाडूवाल्याचे कामही करतो. तेलकट, कार्बनयुक्त मळ तो जाळून टाकतो. १९९७ साली अमेरिकेतील एका संग्रहालयात अँडी वॉरहॉल या चित्रकाराच्या 'बाथटब' या चित्राचे कोणीतरी चुंबन घेतले आणि ओठांची लाली चित्रावर उमटली. नेहमीच्या द्रावकांनी ती पुसायची, तर कॅनव्हासमध्ये आणखी मुरण्याची भीती. तेव्हा नासाच्या तज्ज्ञांनी ऑक्सिजन अणूंचा बारीक झोत सोडून तो डाग काढला! मग आरशावरचा मळही तो असाच काढून टाकत नाही का? थोडा काढतो. पण मळात सिलिकोन असले, तर ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याची काचेसारखी सिलिका बनते आणि डाग कायमचा बसतो. एलडेफ परत आला, तेव्हा त्याच्या बऱ्याच भागांवर तपकिरी रंगाचा पातळ थर चढलेला दिसला. तो कोठून आला असेल?

घरचा भेदी

तो एलडेफच्याच अंगातून आला होता. रंग, डिंक, प्लास्टिक, तारांवरची वेष्टने, वंगण या सर्वांमध्ये थोडेफार बाष्पनशील पदार्थ अडकलेले असतात. नव्या मोटारीत बसल्यावर जो वास येतो, तो त्यांचाच. जमिनीवर हवेच्या दाबामुळे ते हळूहळू निसटतात. पोकळीत मात्र भराभर बाहेर पडतात आणि जेथे थंड जागा मिळेल तेथे जाऊन बसतात. दुर्बिणीत थंड जागा कोणत्या? बहुधा आरसे आणि प्रकाशग्राहक! त्यातून सूर्याचे अतिनील किरण पडले, की या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि तव्यावर करपलेल्या तेलासारखा घट्ट, तपकिरी लेप तयार होतो. मग तो तापवूनही निघत नाही.

हबलच्या बाबतीत याचा पुरावा हाती आला. ही दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी सोडली. तिच्या मुख्य आरशाच्या आकारातच चूक राहिली होती, ही कथा तुम्ही वाचली असेल. ती चूक सुधारण्यासाठी डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर वर गेले, तेव्हा त्यांनी तिचा जुना मोठा कॅमेरा काढून परत आणला. त्या कॅमेऱ्याला एक छोटा तिरपा आरसा होता. मुख्य आरशाकडून येणारा प्रकाश अडवून कॅमेऱ्यात वळवणे, हे त्याचे काम. प्रयोगशाळेत तो आरसा तपासला, तेव्हा त्याच्यावर काही दशक नॅनोमीटर जाडीचा लेप आढळला. साध्या डोळ्यांना आरसा ठाकठीक दिसे. दृश्य प्रकाश तो उत्तम परावर्तित करी. पण १२१.६ नॅनोमीटरच्या, म्हणजे हायड्रोजन अणूच्या सुप्रसिद्ध अतिनील किरणांना तो जवळजवळ आंधळा झाला होता. हवा नाही, पाऊस नाही, माणूस नाही, आणि पावणेचार वर्षांत ही अवस्था! लेपाचे मूळ बव्हंशी त्या कॅमेऱ्यातच होते.

नव्याने बसवलेल्या कॅमेऱ्यासाठी पदार्थ अधिक काळजीपूर्वक निवडले होते. तरीही उणे ८८ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या त्याच्या प्रकाशग्राहकांवर थोडा मळ जमेच. म्हणून महिन्यातून एकदा सगळा कॅमेरा तापवून तो उडवून लावीत असत. दर महिन्याला अतिनील संवेदनशीलता थोडी थोडी घटे आणि तापवल्यावर पूर्वपदावर येई. तिचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

आपल्या देशाच्या 'ॲस्ट्रोसॅट' या उपग्रहावर अतिनील किरणांनी आकाश पाहणारी जुळी दुर्बीण आहे. तिच्या बांधणीत बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर पुण्याच्या आयुकाचाही वाटा होता. उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी कक्षेत गेला, पण या दुर्बिणीची दारे उघडली ती ३० नोव्हेंबरला! दोन महिने शास्त्रज्ञ काय करीत होते? वाट पाहत होते. उपग्रहाच्या अंगातली वाफ निघून जाऊ द्यायची, मगच आरशांवरचा पडदा दूर करायचा. कोट्यवधी रुपयांचे यंत्र वर असताना दोन महिने हात आवरून बसायला धीर लागतो. पुढे एन.जी.सी. १८८ या तारकागुच्छाची पुन्हा पुन्हा छायाचित्रे घेऊन, त्यातील ताऱ्यांची तेजस्विता कमी भरू लागली नाही ना, याची खात्री करून घेतली जाई. तारे आपले तेज राखून असतात, तेव्हा ते मंद दिसू लागले, तर दोष आरशाचा किंवा त्यापुढील उपकरणाचा असणार! त्याच उपग्रहावरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या क्ष-किरण दुर्बिणीसाठी दुसरा एक नियम होता: उपग्रह ज्या दिशेने धावतो आहे, नेमके त्या दिशेला दुर्बिणीचे तोंड करायचे नाही. का, ते मघाच्या एस.टी.वरून तुम्हीच सांगू शकाल.

अलीकडची एक हकीकत तर मला फारच आवडते. युरोपीय अवकाश संस्थेची 'युक्लिड' दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी निघाली आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचली. तिचा मुख्य आरसा १.२ मीटरचा, चांदीच्या मुलाम्याचा. नोव्हेंबरमध्ये असे लक्षात आले, की ठरावीक ताऱ्यांकडून येणारा प्रकाश हळूहळू घटतो आहे. कारण होते बर्फ! दुर्बिणीची जुळणी पृथ्वीवर झाली, तेव्हा उष्णतारोधक आवरणाच्या अनेक पदरांमध्ये हवेतली आर्द्रता मुरली होती. पोकळीत गेल्यावर ती हळूहळू सुटली आणि थंडगार आरशांवर जाऊन गोठली. थर होता काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडीचा. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून दव धरते ना, तेच हे. फक्त लाखो किलोमीटरची चिंता वाढवणारे.

उपाय तर सरळ दिसतो : तापवा. पण सगळी दुर्बीण तापवली, तर प्रत्येक भाग प्रसरण पावतो आणि पुन्हा थंड होऊन सारे नेमके जागच्या जागी यायला फार दिवस लागतात. म्हणून एकेक आरसा थोडाथोडा तापवून पाहायचे ठरले. मार्च २०२४ मध्ये ज्या आरशावर सर्वांत जास्त संशय होता तो आधी घेतला. त्याचे तापमान उणे १४७ अंशांवरून उणे ११३ अंशांवर नेले. केवळ ३४ अंशांची वाढ, तीही आपल्या हिशेबाने भयंकर थंडीतच. पण पोकळीत बर्फाची थेट वाफ व्हायला ती पुरली. दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्यात १५ टक्के जास्त प्रकाश येऊ लागला. पहिलाच नेम अचूक लागला! चोर सापडला खरा, पण आवरणात अजून किती पाणी दडले आहे कोण जाणे. म्हणून ही तापवण्याची युक्ती पुढेही लागेल, असे तेव्हाच सांगून ठेवले गेले.

पाण्याचा आणखी एक चमत्कार हबलमध्ये दिसला. तिचे दोन आरसे योग्य अंतरावर धरणारा सांगाडा कार्बन तंतू आणि राळ यांचा आहे. राळेतली आर्द्रता वर्षानुवर्षे निघत राहिली, सांगाडा आकसत गेला आणि आरशांमधील अंतर शंभराहून अधिक मायक्रोमीटरने घटले. दुय्यम आरसा अधूनमधून सरकवून प्रतिमा पुन्हा स्पष्ट करावी लागते.

दगडांचा पाऊस

राहिला तिसरा शत्रू, सूक्ष्म उल्काकण. धूमकेतू आणि लघुग्रह यांच्या चुऱ्याचे हे कण वाळूच्या दाण्याहूनही लहान असतात, पण वेग सेकंदाला वीस किलोमीटरच्या घरातला. एक मिलिग्रॅमचा कण या वेगाने येऊन आदळला, तर त्याची गतिज ऊर्जा २०० ज्यूल होते. म्हणजे एक किलोचा दगड सुमारे २० मीटरवरून, सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून टाकल्याइतकी! सुदैवाने एवढे जड कण फार विरळा. बहुतेक याहून कितीतरी हलके असतात.

हबलचा आरसा लांब नळीच्या तळाशी असल्याने समोरून सरळ आत घुसणारा कणच त्याला गाठू शकतो. पण तिच्या बाहेरच्या भागांना मार किती बसतो, हे २००९ साली कळले. पंधरा वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिलेला दुसरा कॅमेरा परत आणला, तेव्हा त्याच्या उष्णता-उत्सर्जक पत्र्यावर शेकडो खळगे मोजता आले. त्यांत माणसाने मागे सोडलेल्या अवकाश कचऱ्याचेही होते.

जेम्स वेब दुर्बिणीला मात्र नळीच नाही. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेल्या या दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा सूर्याकडून फक्त पडद्याने झाकलेला आहे, बाकी उघडाच. बेरिलियमचे १८ षट्कोनी तुकडे आणि त्यांच्यावर सुमारे १०० नॅनोमीटर सोने. एवढ्या मोठ्या आरशाला अवघे ४८ ग्रॅम सोने पुरले, म्हणजे लग्नातल्या एखाद्या बऱ्यापैकी दागिन्याइतके! अवरक्त किरणांसाठी सोन्यासारखा परावर्तक नाही. आणि इतक्या दूर ऑक्सिजन अणूंची भीतीही नाही. कण आदळणार, हे मात्र गृहीतच धरले होते.

तरीही मे २०२२ मध्ये सगळे दचकले. तोवर काही लहानसहान आघात नोंदले गेले होते, पण 'सी ३' या तुकड्यावर आदळलेला कण अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. असा खळगा आरशाच्या क्षेत्रफळाच्या मानाने अगदीच क्षुल्लक, म्हणजे प्रकाश गमावला जवळजवळ शून्य. खरे नुकसान आकाराचे झाले. धक्क्याने तो तुकडा किंचित वाकला, आणि वाकलेला आरसा प्रकाशलहरींची रांग बिघडवतो.

यावर इलाज होता, कारण वेबचे तुकडे हलवता येतात. मुख्य आणि दुय्यम आरसा मिळून १३२ लहान मोटारी मागेपुढे, तिरपे सरकवू शकतात. मुख्य आरशाच्या प्रत्येक तुकड्याची वक्रताही थोडी बदलता येते. 'सी ३' ला शक्य तेवढे नीट केल्यावर संपूर्ण दुर्बिणीतील लहरींची चूक ५९ नॅनोमीटरवर स्थिरावली. आधीच्या सर्वोत्तम आकड्याहून ती ५ ते १० नॅनोमीटर जास्त होती. जे उरले, ते मात्र कायमचे. अपेक्षेपेक्षा दुर्बीण तेव्हाही सरसच होती, पण काळजी वेगळीच होती. प्रक्षेपण इतके अचूक झाले, की इंधन वीस वर्षांहून अधिक पुरेल. महिन्याला जाणवण्याजोगे एक-दोन आघात धरले, तर वीस वर्षांत किती होतात? अडीचशे ते पाचशे. त्यांतले 'सी ३' सारखे किती, यावर दुर्बिणीचे म्हातारपण अवलंबून आहे.

यावर शोधलेली युक्ती फार साधी आहे. कण सगळ्याच दिशांनी येतात, पण आपण ज्या दिशेने सूर्याभोवती धावतो, तिकडून येणारे कण समोरासमोर आदळतात. त्यांचा सापेक्ष वेग जास्त. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, तेव्हा वेग दीडपट झाला, की आघात सव्वादोन पट. म्हणून २०२३ च्या जुलैपासून सुरू झालेल्या निरीक्षणवर्षापासून त्या दिशेच्या आकाशाकडे आरशाचे तोंड होता होईल तो करायचे नाही, असे ठरले. त्या भागातले तारे सोडून द्यायचे का? नाही. पृथ्वीबरोबर वेबही सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षाच्या दुसऱ्या काळात तोच भाग पाठीमागच्या बाजूला येतो. तेव्हा तो पाहायचा. समोरून पाऊस असेल, तर छत्री पुढे धरतात. येथे छत्री नाही, म्हणून पाठ फिरवायची!

हबलकडे अंतराळवीर पाच वेळा जाऊन आले. शेवटची फेरी मे २००९ मध्ये झाली. त्यांनी कॅमेरे बदलले, घूर्णदर्शी बदलले, बॅटऱ्या बदलल्या. मुख्य आरशाला मात्र एकदाही कोणी हात लावला नाही, लावता येण्यासारखा तो नव्हताच. त्या विद्यार्थ्याला मी हे सर्व सांगितले, तेव्हा त्याने विचारले, "मग तो आता किती खराब झाला आहे, हे कोणी न पाहता कसे कळते?" मी त्याला एन.जी.सी. १८८ ची गोष्ट सांगितली. हबलच्या बाबतीतही असेच करतात. काही श्वेत बटू ताऱ्यांचे तेज अतिशय काटेकोरपणे ठाऊक आहे. ते पुन्हा पुन्हा मोजायचे, आणि घट कोणत्या तरंगलांबीला जास्त आहे ते पाहायचे. अतिनीलकडे जास्त घट दिसली, तर पहिला संशय लेपावर. सगळीकडे सारखी असेल, तर दुसरे काही कारण शोधायचे.

आमचा सहा इंची आरसा आम्ही शुद्ध पाण्याने धुतला. ठिपके गेले नाहीत. तो नव्या मुलाम्यासाठी पाठवला आहे.